मोटार केव्हा बंद पडते?

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात मोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर चढतील. त्यांना मी दोष देणार नाही. क्रियापद चालवणे हा माझा व्यवसाय. मोटार चालवणे हा वडिलांकडून आलेला नाद. पण अधूनमधून बंद पडणाऱ्या एका जुन्या गाडीने मला जे व्याकरण शिकवले, ते वर्गात शिकवताना मलाही नीट कळले नव्हते. त्याची किंमत मी पैशात तर दिलीच, पण एका भल्या माणसाशी वाकडे बोलूनही दिली. म्हणून हा लेख.

2023 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. साताऱ्याला मावशीच्या नातवाची मुंज होती. आदल्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही पुण्याहून निघालो. पुढे मी आणि मुलगी, मागे सौ. आणि माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. शिरवळ मागे पडले, खंबाटकीचा घाट लागला. निम्मा घाट चढतो न चढतो तोच गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, मग तिसरा, आणि एक सुस्कारा टाकून ती ऐन वळणावर उभी राहिली. मागून लोखंडी सळ्यांनी भरलेला ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारला तेव्हा त्याचे नाक आमच्या डिकीपासून हातभर अंतरावर होते. मुलगी किंचाळली. आई काही बोलली नाही. तिने फक्त सुनेचा हात घट्ट धरला.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. आता काय काय ऐकावे लागते या विचाराने मी काच वर घेऊ लागलो. पण त्याने आधी आमच्या मागच्या चाकाला दगड लावला आणि मग विचारले, "पेट्रोल आहे का?"

"निघतानाच टाकी भरलीय," मी म्हणालो.

त्याचा विश्वास बसला नसावा. त्याने पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले, आत डोकावून पाहिले, झाकण लावले आणि म्हणाला, "मारा सेल्फ." मी सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली! आईने कुलदेवतेला हात जोडले. मीही जोडले. ड्रायव्हरने दगड उचलून कडेला टाकला आणि म्हणाला, "घरची माणसं हायत. सांभाळून जावा."

मुंज थाटात झाली. निघायच्या वेळी आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी एस.टी.ने येते."

आणि ती खरोखरच एस.टी.ने आली.

वडिलांची गाडी

ही गाडी म्हणजे 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. माझे वडील शाळेत शिक्षक. नाव नोंदवून, वाट पाहून आणि भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून त्यांनी ती घेतली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. इटलीच्या फियाट 1100 या गाडीचा हा भारतीय अवतार. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई, आणि 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन 1089 घनसेंटीमीटरचे, गियरची दांडी स्टिअरिंगच्या खाली, पुढची बैठक सोफ्यासारखी सलग. तिच्यात ना संगणक, ना सेन्सर. जे आहे ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून एका पिढीने तिच्यात प्रवास केला. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. ते लेख मी वाचले ते आमच्या पद्मिनीवर चिडलेलो असताना.

वडिलांच्या वेळेपासून ही गाडी एकाच मिस्त्रींच्या हाताखालची. आमच्याच पेठेत त्यांची पत्र्याची शेड आहे. वडील त्यांचे 'मोठे सर', मी 'धाकटे सर'. वडील गेले त्या दिवशी शेड बंद ठेवून ते स्मशानात आले होते. घाटातल्या प्रकारानंतर मी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी कार्ब्युरेटर उघडून धुतला, जेट फुंकले, पॉइंट आणि कंडेन्सर नवे घातले. दोन महिने गावात गाडी झकास चालली. ऑगस्टमध्ये नाशिकला निघालो, आणि मंचरच्या अलीकडे तेच आचके, तोच सुस्कारा. या वेळी अर्धा तास उन्हात उभे राहिल्यावर ती आपणहून सुरू झाली.

परत आल्यावर मी मिस्त्रींना जे बोललो ते लिहिताना आजही हात अडखळतो. पण ते लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, दर वेळी एक वस्तू बदलायची आणि पैसे घ्यायचे, हा तुमचा धंदाच झालाय. वडील असते तर ही तुमची छाती झाली नसती."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि ते आत निघून गेले. त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

नामे बदलण्याचा खेळ

मग मी एका चकचकीत गॅरेजात गेलो. तिथे बसायला खुर्च्या होत्या, प्यायला थंड पाणी होते आणि हातात छापील बिल मिळत असे. तिथल्या तरुण मंडळींनी कॉइल बदलली, चारही प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, इंजिनाला चिकटलेला पेट्रोलचा पंप, ज्याला आपले मिस्त्री 'एसी पंप' म्हणतात, तोही नवा बसवला. एकूण 11,400 रुपये झाले. गावात गाडी पुन्हा झकास! आणि डिसेंबरात रात्रीच्या थंडीत नारायणगावजवळ पुन्हा तेच.

मार्च 2024 मध्ये गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 रुपयांवर गेली होती. शिवाय तपासणी, पर्यावरण कर, विमा. इतके करून जी गाडी आईला बसवून नेण्याच्या लायकीची नाही, ती ठेवायची कशाला? मी भंगारवाल्याशी बोललो. तो रविवारी येतो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी सौ.ने विचारले, "अहो, पण मिस्त्रींना एकदा विचारलंत का?"

"आता कोणत्या तोंडाने विचारू?"

"ज्या तोंडाने बोललात त्याच!"

मिस्त्रींची प्रश्नपत्रिका

मी गेलो. मिस्त्रींनी झाल्या गोष्टीचा उच्चार केला नाही. मला स्टुलावर बसवले आणि बॉनेटला हातही न लावता प्रश्न विचारायला सुरुवात केली.

त्या प्रश्नांचे मोल कळण्यासाठी इंजिनाबद्दल थोडे सांगायला हवे. पेट्रोलच्या इंजिनाला जगायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण, ते दाबून धरणारे सिलिंडर, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. सिलिंडरचा दाब आज नाही आणि अर्ध्या तासाने आहे, असे सहसा होत नाही. म्हणून अधूनमधून बंद पडणाऱ्या आणि पुन्हा आपोआप सुरू होणाऱ्या गाडीत संशयित उरतात ते दोनच. पेट्रोल नाही, किंवा मिस्त्रींच्या भाषेत 'करंट' नाही. सगळे निदान म्हणजे या दोघांतला खरा कोण ते ओळखणे.

"गाडी बंद पडली ती कशी?" मिस्त्रींनी विचारले. "बटण दाबून दिवा घालवावा तशी, की आचके देत?"

"आचके देत."

"मग कॉइल कशाला बदलली?"

ठिणगीचा पुरवठा तुटतो तेव्हा बहुधा गाडी एका क्षणात मरते. पेट्रोल कमी पडते तेव्हा कार्ब्युरेटरच्या भांड्यात जे थोडे साठलेले असते ते संपेपर्यंत इंजिन अडखळते, सावरते, पुन्हा अडखळते. हा काही लोखंडी नियम नव्हे. पॉइंटची सैल वायरही आचके देऊ शकते. पण पहिला कौल म्हणून तो सहसा खोटा ठरत नाही. पेट्रोल भरपूर आहे आणि गाडी पटकन मेली, तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी यांच्याकडे आधी पाहावे. कॉइल किंवा कंडेन्सर आतून खराब झाले असले तर इंजिन तापले की ते दगा देतात आणि निवले की पुन्हा सज्जनासारखे वागतात. खड्ड्यात आपटल्यावर गाडी बंद पडत असेल तर एखादी वायर वरच्या वेष्टणात शाबूत आणि आत तुटलेली, असे असू शकते.

"सिग्नलला उभी असताना मरते, की चालताना?"

"चालताना. तीही लांबच्या प्रवासात."

नुसती उभी असताना मरत असेल तर संशय स्लो जेटमधल्या कचऱ्यावर, सैल झालेल्या स्क्रूवर किंवा कार्ब्युरेटरच्या बुडाखालून हवा ओढली जाते आहे यावर जातो. ते सगळे आमच्या बाबतीत बाद झाले.

"पाऊस होता का?"

"नाही."

पावसाळ्यात किंवा दवात मरणाऱ्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसासारखी चीर आहे का ते पाहतात. ओल धरली की वीज त्या चिरेतून पळून जाते. तेही बाद.

"ऊन कडक होते की थंडी?"

"मे महिन्यात ऊन होते. ऑगस्टमध्येही त्या दिवशी होते. डिसेंबरात मात्र रात्र होती, हुडहुडी भरत होती."

मिस्त्रींचे डोळे बारीक झाले. जुन्या गाड्यांत उन्हाळ्यात एक नेहमीचा आजार होतो. इंजिनाच्या उष्णतेने नळीतले किंवा पंपातले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ढकलत बसतो. पंपावर आणि नळीवर ओले फडके टाकले की थोड्या वेळाने गाडी सुरू होते. पण हा उन्हाळ्याचा आजार डिसेंबरच्या रात्री व्हावा कसा?

"थांबल्यावर किती वेळाने सुरू झाली?"

"मंचरला अर्धा तास. नारायणगावलाही तेवढाच. घाटात मात्र पाच मिनिटांत."

"घाटात पाच मिनिटांत का? तिथे वेगळे काय केलेत?"

मी आठवू लागलो. मी काहीच केले नव्हते. जे केले ते ट्रकच्या ड्रायव्हरने. दगड लावला, आणि...

"टाकीचे झाकण उघडले," मी म्हणालो.

मिस्त्री उठले, पण लगेच काही बोलले नाहीत. "शेवटचा प्रश्न. तिन्ही वेळी टाकीत पेट्रोल किती होते?"

ते मला आठवेना. पण आमच्या घरी एक ग्रंथ असा आहे की ज्यात सर्व काही लिहिलेले असते. तो म्हणजे सौ.ची घरखर्चाची वही. मी घरी जाऊन ती उघडली. गावात फिरायचे तेव्हा पाचशे पाचशे रुपयांचे पेट्रोल. आणि बाहेरगावी जायच्या दिवशी, तिन्ही वेळा, एकच नोंद: 'टाकी फुल'. गाडी बंद पडली होती ती तिन्ही वेळा निघाल्यापासून साठ ते पंचाहत्तर किलोमीटरच्या दरम्यान.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडीपेक्षा माझ्या अज्ञानामुळे! वर्गात मी मुलांना सांगत असतो की क्रियापदाचा अर्थ खुलतो तो क्रियाविशेषणाने. केव्हा, कुठे, कसे, किती. आणि इथे सात महिने मी नामे बदलीत बसलो होतो. कॉइल, कंडेन्सर, प्लग, पंप. 'बंद पडते' या क्रियापदाला मी एकही क्रियाविशेषण जोडले नव्हते. रविवारी येणाऱ्या भंगारवाल्याला मी फोन करून थांबवले.

रोग पुन्हा होऊ द्यावा

पुढच्या रविवारी मिस्त्री म्हणाले, "सर, टाकी फुल करा. आपण ती मुद्दाम बंद पाडायची."

घाट नको म्हणून सोलापूर रस्ता धरला. लोणी काळभोर गेले, उरुळी कांचन गेले, यवत गेले. मिस्त्री शेजारी डोळे मिटून बसले होते. यवतच्या पुढे थोडे गेलो आणि पहिला आचका बसला. "डावीकडे घ्या," ते डोळे न उघडता म्हणाले. गाडी मेली. मी सवयीने बॉनेटची कळ ओढू लागलो.

"राहू द्या ते."

ते मागे गेले. मला हाक मारली, कान जवळ आणायला सांगितले आणि टाकीचे झाकण हळूच फिरवले.

फुस्स!

सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसा आवाज आला. फरक इतकाच की हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. मिस्त्री म्हणाले, "आता सेल्फ मारा. इंजिन अजून तापलेलेच आहे, बरं का." मी सेल्फ मारला. थोडा वेळ फिरवल्यावर गाडी सुरू झाली. इंजिन निवायची वाट पाहावी लागली नाही. म्हणजे उष्णतेचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. अर्धा तास जो लागत होता तो इंजिन निवायला नव्हे, तर टाकीत कुठून तरी हळूहळू हवा झिरपायला.

त्यांनी झाकण उलटे करून पाहिले. त्याच्या आत रबरी वायसरच्या जागी पॉलिथीनचा दुपदरी तुकडा नीट कातरून बसवलेला होता.

"हे कोणी लावले?"

"मी," मी म्हणालो.

आणि सगळे आठवले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत टाकी फुल असताना वळणावर पेट्रोल हिंदकळून झाकणाशी झिरपे. जुने रबर झिजले होते. त्या वासाने सौ.ला मळमळे. मी मोठ्या हौसेने पॉलिथीनचा तुकडा कापून झाकणात बसवला. वास थांबला आणि घरात माझे कौतुकही झाले. पण पेट्रोल जसजसे खाली जाते तसतशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. जुन्या गाड्यांत तिच्यासाठी कुठे झाकणातच बारीक भोक ठेवलेले असते, कुठे टाकीला वेगळी नळी असते. आमच्या गाडीला बसवलेल्या झाकणात भोक होते, आणि माझ्या पॉलिथीनने नेमके तेच झाकून टाकले होते.

घरी आल्यावर मी सौ.ला हे सगळे पंप, पोकळी, वातावरणाचा दाब अशा शब्दांत समजावू लागलो. ती म्हणाली, "इतकं काय त्यात? तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकच पाडलं तर तेल गुडगुड करून थांबतं." निदानाचे सगळे शास्त्र एका वाक्यात संपले. आमची टाकी म्हणजे एकच भोक पाडलेला तेलाचा डबा होती.

आता कोडे पूर्ण सुटते. टाकी फुल असली की पेट्रोलच्या वर हवा अगदी थोडी असते. त्यातून चार-पाच लिटर पेट्रोल गेले की तेवढीच हवा मोठ्या जागेत पसरते, दाब उतरतो आणि पंपाची ओढ अपुरी पडते. टाकी निम्मी रिकामी असली तर वर हवेचा साठा मोठा असतो, आणि चार लिटर गेल्याने तितका फरक पडत नाही. गावात मी पाचशेचे पेट्रोल घालून पाच-सहा किलोमीटर जाणार आणि थांबणार. मग गाडी बंद पडणार कशी? गॅरेजवाले तपासणीला फेरी मारीत ती गावातच. शिवाय पेट्रोल आहे का हे पाहायला कोणी झाकण उघडले, की तपासणाऱ्याच्याच हाताने रोग बरा व्हायचा! घाटात ट्रकचे इंजिन धडधडत होते, म्हणून ती 'फुस्स' आम्हाला ऐकू आली नाही.

मिस्त्रींनी तेवढ्यावर निकाल दिला नाही. "एकदा झाले म्हणजे खरे झाले असे नाही," ते म्हणाले. पॉलिथीन काढले, चाळीस रुपयांचे नवे रबरी वायसर भोक मोकळे ठेवून बसवले, टाकी पुन्हा फुल केली आणि आम्ही दोघे खंबाटकी चढून साताऱ्यापर्यंत गेलो. गाडी कुठेही अडखळली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग तीच परीक्षा पुन्हा घ्यायची, हा त्यांचा नियम. चकचकीत गॅरेजाने एका दिवसात चार गोष्टी बदलल्या होत्या. त्यातल्या एकीने गुण आला असता, तरी कोणत्या ते कळले नसते.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी

सगळ्यांच्याच गाडीत पॉलिथीन सापडेल असे नाही. पण मिस्त्रींची पद्धत कोणालाही वापरता येईल. गाडीत एक लहान वही ठेवावी. गाडी बंद पडली की चिडण्याआधी लिहून काढावे: किती अंतर गेल्यावर, चढावर की सपाटीवर, ऊन की पाऊस, टाकी किती भरलेली, आचके देत की एकदम, आणि किती वेळाने, काय केल्यावर सुरू झाली. तीन नोंदी झाल्या की वही बोलू लागते.

गाडी बंद असतानाच, म्हणजे दोष हजर असताना, दोन गोष्टी पाहता आल्या तर उत्तम. कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहून हाताने अॅक्सिलरेटरची दांडी ओढावी. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर भांड्यात पेट्रोल आहे. ती उडाली नाही तर टाकीपासून पुढे वाट कुठे अडली ते शोधावे. ठिणगीची परीक्षा मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी, आणि पेट्रोल सांडले असेल किंवा त्याचा वास येत असेल तर मुळीच करू नये. जवळपास विडी-सिगारेट पेटू देऊ नये, हे सांगायला नकोच.

टाकीतला गंजही आमच्यासारखाच खेळ करतो. गंजाचा पापुद्रा चालताना ओढीने नळीच्या तोंडाशी चिकटतो आणि गाडी थांबली की ओढ संपून खाली पडतो. मिस्त्री पाहतो तर वाट मोकळी! अलीकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 2023 पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि 2025 पर्यंत ते सर्वत्र पोचले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा अशा पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. ते मऊ पडतात, फुगतात किंवा चिरतात. ते वेळेवर बदलून इथेनॉल सोसणारे घालावेत.

नव्या घडणीच्या, इंजेक्शनच्या गाड्यांनाही हा आजार होतो. त्यांत इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा सेन्सर तापला की दगा देतो आणि निवला की सुधारतो. तिथे संगणक दोषाचा आकडा दाखवतो, हे खरे. पण आकडा पुन्हा एक नामच. केव्हा, कुठे, कसे हे मालकालाच सांगावे लागते. आणि अशा गाडीचे इंजिन चालताना बंद पडले तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला दोन-तीन वेळा दाबल्यावर जास्त जोर लागतो, हेही ध्यानात असावे. गाडी कुठलीही असो, आधी डावीकडे घ्यावी, मागे त्रिकोण ठेवावा, घरच्या माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे. चाकाला दगड लावलाच तर निघताना तो उचलायला विसरू नये. त्या ट्रकवाल्याने तो उचलला होता.

राहिलेली गोष्ट

यवतहून परतताना मी मिस्त्रींना म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी जे बोललो..."

"जाऊ द्या, सर," ते म्हणाले. "गाडी दोष दाखवत नव्हती. मग तुम्हाला दिसणार कोण? मीच दिसलो." थोडे अंतर गेल्यावर खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "पण लागले होते. मोठ्या सरांचे नाव घेतलेत, म्हणून जास्त."

मला उत्तर सुचले नाही. हडपसर येईपर्यंत आम्ही गप्प होतो. शेडशी उतरताना मी ऑगस्टचे न घेतलेले पैसे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते मोजून घेतले, आणि मला फार बरे वाटले.

मार्चमध्ये गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी झाली. घरखर्चाच्या वहीत सौ.ने त्या महिन्यात लिहिले आहे: 'गाडी दुरुस्ती: रबरी वायसर 40 रु. पॉलिथीन काढणे 0 रु.' त्याच्या वरच्या पानांवरचे 11,400 मी तिला खोडायला सांगितले, पण ती म्हणते, हिशेब हा हिशेब.

त्या मे महिन्यात मावशीला भेटायला पुन्हा साताऱ्याला गेलो. आईला मी काही आग्रह केला नाही. ती आपणहून मागच्या बैठकीवर येऊन बसली. घाटाचे ते वळण आले तेव्हा तिने एकदा मागे वळून पाहिले. रस्ता मोकळा होता. दोन दिवस राहून निघालो, आणि निघताना तिने एस.टी.ची वेळ विचारली नाही.